जिंकलो आपण, हरले ते!
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : या वेळी मैदानाबाहेरचा खेळ

प्रश्न : आमचे चिरंजीव मुंबई इंडियन्सचे भक्त. संघ जिंकला की ‘आपण जिंकलो’, हरला की ‘हे लोक हरले’. मी हसलो तर चिडतो. ही लबाडी म्हणायची का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : लबाडी असेल तर नकळत होणारी, आणि एकट्या तुमच्या चिरंजीवांचीही नाही. रॉबर्ट चाल्दिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 1976मध्ये याच खोडीवर शोधनिबंध लिहिला. विद्यार्थ्यांना फोन करून त्यांच्या विद्यापीठाच्या सामन्याचा निकाल विचारला, तेव्हा विजय सांगताना ‘आम्ही’ जास्त वेळा आलं. खरी गंमत पुढे आहे. निकाल विचारण्याआधी त्यांना विद्यापीठातल्या जीवनाविषयी माहितीचे काही प्रश्न घातले होते. त्यात ‘तुम्हाला फारसं जमलं नाही’ असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांच्यात हा फरक अधिक दिसला. स्वतःची पत घसरली की माणूस संघाच्या विजयाला टेकू म्हणून वापरतो. तेव्हा हसायचंच असेल तर निदान परीक्षेच्या निकालाच्या दिवशी हसू नका.

मराठीत हा खेळ आणखी रंगतो, कारण आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो, ‘आम्ही’त येत नाही. सोफ्यावर शेजारी बसलेल्या भावाला ‘आपण जिंकलो’, आणि समोरच्या चेन्नईवाल्या शेजाऱ्याला ‘आम्ही जिंकलो’. चेन्नईवाल्याला कुणी चुकून ‘आपण’ म्हणत नाही.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोजून पाहा. तीन विजय आणि तीन पराभव निवडा, सामना संपल्यानंतरच्या दोन तासांतलेच मेसेज घ्या. सर्वनाम नसलं तरी क्रियापद सांगतं : ‘जिंकलो’ म्हणजे आपण, ‘हरले’ म्हणजे ते. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. ‘मॅच मारली’, ‘मॅच घालवली’ यात क्रियापद मॅचच्या मागे जातं, कर्ता कळत नाही; ‘आपण’ किंवा ‘त्यांनी’ लिहिलेलं नसेल तर असे मेसेज सोडून द्या. आणि ‘आपण पाहिलीत का मॅच?’ हे आदरार्थी ‘आपण’, ते धरू नका. मेसेज मोजू नका, माणसं मोजा. नाहीतर एकच काका पन्नास मेसेज टाकून सगळा हिशेब बिघडवतात. ज्याचं पराभवानंतरही ‘हरलो’च येतं, तो कट्टर. बाकीचे हवा पाहून.

प्रश्न : 2024च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. आपल्याच संघाशी असं कोण वागतं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ज्यांच्या लेखी संघ म्हणजे रोहित शर्मा, ते. 2013 ते 2020 या काळात पाच विजेतेपदं त्याच्या नेतृत्वाखाली आली. मग हार्दिक पांड्या गुजरातहून परतला आणि डिसेंबर 2023मध्ये कर्णधारपद त्याच्याकडे गेलं. निळी जर्सी तीच होती, पण अनेकांचं ‘आपण’ जर्सीत नव्हतंच, ते माणसात होतं. शिवाय हार्दिकने गुजरातला 2022मध्ये विजेतेपद मिळवून दिलेलं. म्हणजे या मंडळींच्या हिशेबी तो ‘त्यांच्यातला’. त्यात मुंबई 14पैकी चारच सामने जिंकून तळाला राहिली. जिंकली असती तर हुर्यो लवकर विरली असती, असं आमचं मत.

पुढचं पाहा. 29 जूनला टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या, भारत सात धावांनी जिंकला. 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर. इथे ‘आपण’ म्हणजे भारत, आणि या ‘आपण’मध्ये रोहित आणि हार्दिक दोघेही बसत होते. एकाच माणसाकडे अशी दोन-तीन ‘आपण’ असतात. भांडण लागलं की आधी विचारा, सध्या कुठलं चालू आहे?

प्रश्न : लग्न होऊन कोल्हापूरला आले. फुटबॉलमध्ये नवऱ्याचा संघ कुठला विचारलं, तर त्याने पेठेचं नाव सांगितलं! (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : बरोबरच सांगितलं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या नावातच तालीम आहे, आणि तालीम म्हणजे पेठेचं घर. खेळाडू संघ बदलतात, बाहेरगावचे नि परदेशीही येतात. पेठ तिथेच राहते. म्हणून इथे संघ निवडत नाहीत, तो पत्त्याबरोबर येतो. शाहू स्टेडियमवर जाल तेव्हा आपले समर्थक कुठल्या बाजूला बसतात ते घरून विचारून निघा. भलत्या घोळक्यात बसून समोरच्या गोलला टाळ्या वाजवल्यात, तर नवीन सूनबाई म्हणून कुणी सूट देईल या भरवशावर राहू नका. माहेरची पेठ वेगळी असेल तर ते घरातच मिटवा.

प्रश्न : वडिलांना हृदयविकार आहे, पण भारताची मॅच सोडत नाहीत. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चेष्टेवारी नेऊ नका. 2006च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसराचा अभ्यास झाला. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या 2.66 पट होत्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांत वाढ आणखी मोठी होती, आणि सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत. म्हणून गोळ्यांची वेळ सामन्यामुळे चुकू देऊ नका. मॅच एकट्याने पाहू देऊ नका, सिगारेट तर नकोच. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला, तर ‘ही ओव्हर संपू दे’ म्हणत थांबू नका, 108ला फोन लावा. मोठ्या सामन्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.