ग्रामीण रुग्णालयात नव्यानं लागलेल्या नर्सना आधार मिळतो का, हे मोजायचं कसं?

मेट्रनच्या केबिनमध्ये 'काही त्रास नाही ना गं?' असं विचारलं तर 'नाही मॅडम' हेच उत्तर येणार. कॅसी-फिंक प्रश्नावली याच कामाची आहे. तिच्या मुख्य भागात 24 विधानं असतात, प्रत्येकाला पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत असे 4 पर्याय. आधार, ताण, रुग्णसुरक्षा यांचे गुण वेगवेगळे निघतात. रुजू झाल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षानं भरून घ्या.

आपल्या विदर्भातल्या 30 खाटांच्या दवाखान्यासाठी एक प्रश्न मात्र मी पदरचा घालीन: रात्री 2 वाजता सर्पदंशाचा पेशंट आला, तर फोन कोणाला लावतेस, अन् तो उचलला जातो का?

नाव नको, नुसत्या खुणा करायला सांगा. चारच पोरी असल्या की अक्षरावरूनच ओळखू येते बाप्पा!