कठीण सुडोकू निम्म्यावर अडकतं. अंदाज न लावता पुढे कसं जायचं?

तुम्ही लिहिलंय की सोपी सुडोकू पटापट सुटतात, पण कठीण असलं की निम्म्यावर गाडी रुतते, मग अंदाजाने आकडा टाकता आणि शेवटी एकाच ओळीत दोन 6 निघतात. वर ‘माझं गणित कच्चं आहे’ हेही. गणिताचं सोडा. 1 ते 9 ऐवजी क ते झ ही नऊ अक्षरं घातली तरी कोडं तसूभर बदलत नाही.

माझीही हीच रड होती, त्यात मी पेपरातलं सुडोकू बॉलपेनने सोडवायचो. फरक पडला तो प्रश्न उलटा केल्यावर. आपण रिकाम्या घराकडे बघत बसतो, ‘इथे काय येईल?’ त्याऐवजी एक आकडा धरा आणि विचारा, ‘या 3 बाय 3 च्या चौकोनात 7 कुठे बसेल?’ एखाद्या घरात चार आकडे चालत असतील, पण चौकोनातल्या बाकी सगळ्या घरांत 7 ला मज्जाव असेल, तर तिथे 7च. नुसतं त्या घराकडे बघून हे कधीच दिसत नाही.

यानेही अडलं की पेन्सिल काढा आणि रिकाम्या घरांत शक्य ते आकडे बारीक लिहा. कंटाळवाणं आहे, पण कठीण सुडोकूची खरी मजा इथून सुरू होते. समजा डावीकडच्या वरच्या चौकोनात 4 ला दोनच घरं उरलीत आणि दोन्ही तिसऱ्या उभ्या ओळीत आहेत. 4 नक्की कुठल्या घरात, ते माहीत नाही. नसू दे! तिसऱ्या ओळीचा 4 या चौकोनातच येणार एवढं तर पक्कं झालं. म्हणजे त्या ओळीत खाली जिथे जिथे बारीक 4 लिहिलाय तो खोडा. आता डावीकडच्या खालच्या चौकोनात 4 ला एक घर पहिल्या ओळीत आणि एक तिसऱ्या ओळीत होतं असं धरा. तिसऱ्यातलं गेलं, 4 पहिल्या ओळीत बसला. वरचा 4 अजून अधांतरीच, पण खालचा सुटला. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा चहा गार झाला होता.

जोड्यांचंही तसंच. एका ओळीतल्या दोन घरांत फक्त 2 आणि 8 उरले, की ते दोघं ती घरं अडवून बसले. त्याच ओळीत कुठे 2, 5, 8 असं लिहिलेलं असेल तर तिथे 5 येणार.

अंदाज मात्र नको. चुकीचा आकडा लगेच बोंब मारत नाही, वीस घरं भरल्यावर मारतो, आणि तोवर कुठला आकडा खरा नि कुठला त्याच्या जिवावर आला हे कळेनासं होतं. दिलेले आकडे कमी दिसले म्हणूनही घाबरू नका. एकच उत्तर येण्यासाठी किमान 17 आकडे लागतात हे 2012 साली डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर यांच्या चमूने संगणकावर दाखवून दिलं, पण आकडे कमी म्हणजे कोडं अवघड असं काही नसतं. 30 आकडे दिलेल्यांनी मला जास्त रडवलंय.

तरीही अडलात तर नवी युक्ती शोधण्याआधी बारीक आकडे पुन्हा तपासा. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा कुठलातरी 3 खोडायचाच राहिलेला असतो.