एप्रिलमध्ये परड्यात काय लावावं, आणि पाणी किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून बेळगावला टिळकवाडीत भाड्यानं आलात, घरामागं दहा बाय पंधरा फुटांचं मोकळं परडं मिळालंय, मुलांना सुट्टी लागायच्या बेतात आहे, नळाला पाणी चार दिवसांतून एकदा. शेजारीपाजारी म्हणतात मृग लागल्याशिवाय मातीला हात लावू नका. वर मे महिन्यात आठ दिवस रत्नागिरीला जायचंय. तर आत्ता काही लावलं तर जगेल का?

जगेल. मृगाची वाट बघा म्हणणारे खोटं सांगत नाहीत, पण ते शिवाराचा हिशेब सांगतात. दोन एकरांना पाणी कुठून घालणार, म्हणून माणूस आभाळाकडं बघत बसतो. दीडशे चौरस फुटांना आभाळ लागत नाही, दोन घागरी लागतात. हिशेब करून दाखवते. कडक उन्हात उघड्या ओल्या जमिनीतून दिवसाला ५-६ मिलिमीटर पाणी उडतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तुमचं परडं साधारण १४ चौरस मीटर, म्हणजे सगळं लावून उघडं ठेवलंत तर रोज सत्तर-ऐंशी लिटर हवं. निम्मंच लावलंत आणि माती झाकलीत तर वीस-पंचवीस लिटरांत भागतं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायची सवय लावा, त्यातलं निम्मं घरातच निघतं. कपड्यांच्या मशीनचं पाणी मात्र नको. मी एकदा ते मेथीला घातलं. आठवड्यात कडा करपल्या आणि मातीवर पांढरी साय आली.

बेळगावचा उन्हाळा तसा पुण्यापेक्षा मवाळ. साडेसातशे मीटर उंचीवर आहोत, संध्याकाळी वारा सुटतो. दुपारी अकरा ते चार एवढाच वेळ रोपांना खरा जड जातो.

माझं घर शहापुरात, परडं तुमच्यापेक्षा थोडं मोठं, आणि कोपऱ्यात आड आहे. आड असल्यामुळंच पहिल्या उन्हाळ्यात मी माती खाल्ली. पाणी आहे म्हणून सकाळी घाल, संध्याकाळी घाल. वांग्याची बारा रोपं होती, पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून दुपारीही घालायला लागले. शेवटी पलीकडच्या अज्जी कंपाउंडवरून ओरडल्या, "नीर जास्ती हाकबेडवा!" म्हणजे पाणी जास्त घालू नकोस बाई. मग स्वतःच आत आल्या आणि एक रोप सरळ उपटलं. मूळ तपकिरी झालेलं, चिमटीत धरलं तर वरची साल ओल्या दोऱ्यासारखी निसटून हातात आली. बारापैकी दोन वाचली. अज्जींनी तेव्हा शिकवलेलं अजून करते: बोटाची दोन पेरं मातीत खुपसायची. टोकाला गार ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, मग वर माती कितीही कोरडी दिसू दे.

दुसरी गोष्ट नव्या माणसाला हमखास घाबरवते. दुपारी दोन वाजता काकडीची, भोपळ्याची पानं छत्री मिटल्यासारखी लोंबतात. ते रोप मरत नसतं, ऊन चुकवत असतं. सहा वाजता परत जाऊन बघा, ताठ उभं असतं. सकाळी सातला पान लोंबत असेल तर मात्र घागर उचला.

आता झाकण्याबद्दल, कारण माझ्या मते उन्हाळ्यातली अर्धी बाग तिथंच असते. उचगाव, बेळगुंदीकडून शहरात दूध घालणारे गवळी येतात, त्यांच्याकडं भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, मागा. एक भारा तुम्हाला पुरून उरेल. रोपं वीतभर झाली की चार बोटं जाडीचा थर मातीवर पसरायचा, खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडून. एकदा दुपारी मुलांना एक हात उघड्या मातीवर आणि एक पिंजराखाली ठेवायला सांगा, पुढं काही समजवावं लागणार नाही. आपल्या बाजूच्या तांबड्या मातीतून पाणी पटकन खाली जातं आणि वाळवीही असते, म्हणून थराखाली मूठ-मूठ निंबोळी पेंड टाकते. पिंजर नाही मिळालं तर वाळका पालापाचोळा चालतो. प्लास्टिक नको.

वरून सावली म्हणून लोक ५० टक्क्यांची शेडनेट आणतात, चांगली असते. मी वडगावच्या मागावरच्या जुन्या सुती साड्या वापरते, चार बांबूंना बांधून, पश्चिमेकडच्या बाजूला खाली ओढून. सासूबाईंना पहिल्यांदा ते दृश्य बघून फार वाईट वाटलं होतं. पण वळिवाचं भान ठेवा. मेच्या सुरुवातीला दुपारी पूर्वेकडून आभाळ काळं झालं की आधी साडी सोडायची. एका वर्षी मी झोपले होते. गारांचा आवाज ऐकून उठेपर्यंत साडीची झोळी झाली, गारांनी भरली आणि बांबूसकट काकडीच्या वेलावर बसली. मुलांनी गारा वाट्यांत भरून खाल्ल्या, मी वेल गोळा केला.

लावायचं काय? तुमच्या बाबतीत सुट्टी हेच पंचांग धरा. आपल्याकडं शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत सुट्टी, म्हणजे पन्नासएक दिवस हातात. मुलांच्या हातून तोडणी व्हायची असेल तर या दिवसांत बसणारंच लावायचं.

सगळ्यात आधी लाल माठ आणि पोकळा. बी वाळूत मिसळून विस्कटायचं, वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर, आणि उगवेपर्यंत ओलं पोतं. पोतं रोज उचलून बघायचं, हिरवं दिसलं की त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवस उशीर झाला तर रोपं पिवळी आणि लांबुळकी होतात. पंचवीस-तीस दिवसांत भाजी. मुळासकट उपटू नका, चार बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटते. भाकरी, पोकळ्याची भाजी आणि लसणीचा खरडा असलं की आमच्याकडं दुसरं काही कुणी मागत नाही.

मग भेंडी आणि गवारी, दोघी उन्हाच्या लेकी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून एकेका ठिकाणी दोन-दोन टोकायचं, ओळीत फूटभर अंतरानं. बी घेताना 'अर्का अनामिका' मागा. हेसरघट्ट्याच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेनं काढलेली ही जात आहे, केवड्याला टिकावी म्हणून काढलेली. केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि उन्हाळ्यात तिचं फावतं. पंचेचाळीस दिवसांच्या आसपास पहिली तोडणी. फुलापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते, म्हणून एक दिवसाआड तोडायचीच. आज करंगळीएवढी दिसली म्हणून सोडली तर तीन दिवसांनी चाकू लागत नाही. मुलांना पूर्ण बाह्यांचे शर्ट घाला, लव खाजते. गवारीला तर विसरलात तरी चालतं. मुळं खोल जातात.

काकडी दोनच वेल. जास्त नको, आणि तिच्यासाठी मडकं पुरा. हे जरा सविस्तर सांगते, कारण चार दिवसांच्या नळावर याच्याइतकं उपयोगी काही नाही. खानापूरची मडकी बाजारात येतातच. रंग न दिलेलं, पाच-सहा लिटरांचं साधं मडकं घ्यायचं. गेल्या वर्षीचं घरातलं पाझरून थंड न करणारं जुनं मडकं घेऊ नका, त्याची भोकं क्षारांनी बुजलेली असतात. मी आधी तेच केलं होतं आणि पंधरा दिवस मडकं भरलेलंच बघत बसले. नवं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, तोंड दोन बोटं वर, त्यावर परळ झाकायची, नाहीतर डासांची शाळा भरते. मडक्यापासून वीतभर अंतरावर दोन बाजूंना काकडीचं बी. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. वेल लहान असताना तीन दिवसांनी भरावं लागतं, फळावर आला की एक दिवसाआड. काकडी कडू होते ती बहुतेकदा पाण्याच्या ओढाताणीनं, आज कोरडं उद्या चिखल असं झालं की. मडक्याशेजारची काकडी माझ्याकडं क्वचितच कडू निघते. मोसम संपल्यावर मडकं उकरलंत तर बाहेरून मुळांची जाळी चिकटलेली दिसेल, अगदी कापडासारखी.

दुधी लावायचा असेल तर एक वेल कुंपणावर सोडा. फळ मिळेल तोवर शाळा सुरू झालेली असेल, पण मुलांसाठी मी तो लावाच म्हणेन, फुलांसाठी. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. आधी आठ-दहा दिवस नुसती नरफुलं येतात. उन्हात तीच जास्त येतात, घाबरू नका. मग ज्या फुलाच्या देठाशी करंगळीच्या पेराएवढा लवदार दुधी दिसतो ते मादीफूल. शहरात रात्री परागीभवन करणारे किडे कमीच. म्हणून सातच्या सुमारास एक नरफूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या आणि मादीफुलावर हलकेच टेकवायचं. माझी नात हे करताना श्वास रोखून धरते. चार दिवसांनी तो छोटा दुधी देठासकट खाली वाकला आणि चकाकायला लागला तर धरला, पिवळा पडून गळला तर नाही.

मिरचीची तीन रोपं नर्सरीतून आणा आणि साडीखाली ठेवा. संकेश्वरीचा नाद आत्ता नको, ती पावसाळ्याच्या तोंडाशी लावायची. पुदिना मोरीच्या पाण्याजवळ, पण कुंडीतच, जमिनीत सोडलात तर घरमालकांना वारसाहक्क लावील.

टोमॅटो नको. रोप वाढतं, फुलतं, आणि ऊन पस्तिशीच्या वर गेलं की फुलं टपाटपा गळतात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल हे थंडीचे. कोथिंबीर वीतभर होण्याआधी फुलावर जाते. हे सगळं शनिवारच्या बाजारात आपल्याच शिवारातलं ताजं मिळतं, तिथून घ्या.

मातीचं एक राहिलं. भाड्याच्या घराच्या परड्यात बांधकामाचा राडा पुरलेला असतो, हे धरूनच चाला. फूटभर खणा, विटांचे आणि सिमेंटचे तुकडे वेचा, दोन बुट्ट्या पूर्ण कुजलेलं शेणखत दर वाफ्याला मिसळा. कुजलेलं म्हणजे हातात घेतलं तर शेणाचा वास येत नाही ते. ताजं शेण घालू नका, हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण. उन्हाळ्यात वाफा जमिनीपेक्षा उंच करायचा नाही, उलट चार बोटं खोल ठेवायचा, म्हणजे पाणी पळत नाही. मृग जवळ आला की तोच उंच करून घ्यायचा.

किडींना मी ५ टक्के निंबोळी अर्कावर भागवते: ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यानं गाळून चिमूटभर साबण, आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचं. काकडीला फळमाशी येते. फळ बोटभर झालं की त्याला वर्तमानपत्राची सैल पिशवी घालते. त्यापलीकडं जास्त मागं लागत नाही.

पाणी सकाळी सातच्या आत. आमच्या गल्लीत त्या वेळी "काय करूलैस गं?" म्हणत दोघी-तिघी कंपाउंडशी थांबतातच, त्यामुळं अर्ध्या तासाचं काम तासभर चालतं. संध्याकाळी पाणी घालायचं नाही असं नाही, पण पानं ओली करून रात्री ठेवू नका.

आता तुमचे रत्नागिरीचे आठ दिवस. निघायच्या आदल्या रात्री सगळे वाफे भरपूर भिजवा, पिंजराचा आणखी एक थर, मडकी काठोकाठ. माठ आणि पोकळा आधीच कापून घ्या, म्हणजे पानं कमी आणि पाण्याची ओढही कमी. एवढ्यावर पाच दिवस निघतात, आठ नाही. तेव्हा शेजारणीला सांगून ठेवा, मडकी एक दिवसाआड भरायची, तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी वाफ्यांना एकेक घागर घालायची. आणि तिला निक्षून सांगा की भेंडी आणि काकडी तिनंच तोडून न्यायची. संकोचानं ती झाडावर ठेवेल, भेंड्या जून होतील, आणि जून भेंडी अंगावर असली की झाड नवी फुलं धरायचं थांबतं. तरीही परत आल्यावर दोन-चार सुटलेल्या सापडतीलच. त्यांतली सगळ्यात निरोगी झाडाची एक तशीच वाळू द्या, तडकायला लागली की बी काढून राखेत ठेवा. बाकीच्या तोडून टाका.