पहिली मानेकी-नेको घेताय?

स्वागत! दारुमा, फुकुसुके, तानुकी या बाकीच्या जपानी शुभमूर्ती सगळ्या एकदम गोळा करू नका. पहिले काही महिने फक्त मानेकी-नेको, म्हणजे पंजा वर करून बोलावणारी मांजर. नजर त्यातूनच तयार होते. उजवा पंजा पैशासाठी, डावा गिऱ्हाइकासाठी, असा साधारण संकेत. निवड मात्र पंजावर नको, अवस्थेवर करा.

घेण्याआधी:

- कान आणि वर केलेला पंजा आधी तपासा, तुटतात तेच. यूव्ही टॉर्च मारा. नंतर भरलेला, रंगवलेला भाग बहुधा वेगळाच चमकतो.
- नखाने टिचकी मारा. बद्द आवाज आला तर तडा शोधा. गल्ला असेल तर पाठीवरच्या फटीच्या कडा बघाच.
- गुबगुबीत अंग, मोठे डोळे, पोटाशी सोनेरी कोबान (जुनं लंबगोल जपानी नाणं) ही तोकोनामे या जपानमधल्या कुंभारकामाच्या गावाची घडण, दुसऱ्या महायुद्धानंतरची. तिला कुणी ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणालं तर सरळ पुढे चला.
- तळाला शिक्का नाही म्हणून नकली समजू नका. ‘मेड इन जपान’ हे निर्यातीच्या मालावर असायचं.

आणि घरी आणल्याबरोबर नळाखाली धरू नका! नवख्यांची सर्वांत महागडी चूक हीच. पुष्कळदा लाल-सोनेरी रंग ग्लेझवर, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थरावर, नुसता लावलेला असतो, भाजलेला नसतो. कापसाची काडी जराशी ओली करून तळाजवळच्या रंगावर टेकवा. बोळा लाल झाला, तर यापुढे फक्त कोरडा मऊ ब्रश.

कुतानी या जपानी चिनीमाती-शैलीचं उठावदार नक्षीकाम सध्या राहू द्या.