बुल्स म्हणजे फक्त जॉर्डन?

प्रश्न : बास्केटबॉलचा विषय निघाला की माझा मुलगा म्हणतो, ‘शिकागो बुल्स म्हणजे मायकेल जॉर्डन, बाकी सगळी खोगीरभरती.’ मला हे खटकतं. तुम्हाला?

उत्तर : मलाही! १९८६ मध्ये बोस्टनविरुद्ध प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, जॉर्डनने एकट्याने ६३ गुण केले, तरी बुल्स हरले. पहिलं विजेतेपद आलं १९९१ मध्ये, प्रशिक्षक फिल जॅक्सनने चेंडू पाचही जणांत फिरवायला लावल्यावर. त्या निर्णायक सामन्यात जॉर्डनचा सहकारी स्कॉटी पिपेनचे ३२ गुण, जॉर्डनचे ३०. पुढे जॉर्डन निवृत्त झाला, तरी १९९३-९४ मध्ये संघाने ५५ सामने जिंकले; आदल्या हंगामापेक्षा फक्त दोन कमी. ‘पण विजेतेपद कुठे मिळालं?’ असं चिरंजीव लगेच विचारतील, आणि तेही खरंच. पोस्टरवर जॉर्डन असू दे. मी जर्सी मात्र पिपेनचीच घेतली होती, ३३ नंबरची.