रॉकेट उडवण्याआधी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. त्याला मॉडेल रॉकेट उडवायचं आहे. परदेशी संचांत ‘ए८-३’ अशी मोटर लिहिलेली दिसते. ती इथे मिळेल का? नाही तर दिवाळीच्या रॉकेटमधली दारू वापरता येईल का? (खारघर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, आणि ते स्पष्ट ‘नाही’ असं आहे. फटाका फोडून दारू काढणं, ती दुसऱ्या नळीत ठासणं, हे घरात कुणीही करू नये. त्या मिश्रणात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं आणि काही मिश्रणं नुसत्या घर्षणाने पेटतात. शिवाय ठासलेल्या दारूत एखादी भेग राहिली, तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब चढतो आणि नळी फुटते.

आता मोटरवरच्या खुणेबद्दल. ‘ए’ म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकतो तितका वेळ) १.२६ ते २.५ न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. ८ हा सरासरी रेटा न्यूटनमध्ये. ३ म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकणारा छोटा बार होईपर्यंतचे सेकंद. अशा मोटरमध्ये काळी दारू असते, म्हणून ती स्फोटक पदार्थांच्या कायद्यात येते. १८८४चा स्फोटक अधिनियम आणि २००८चे नियम तिच्या निर्मितीला, साठ्याला आणि वाहतुकीला लागू होतात. ते बघणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. मोटर कुरिअरने मागवायच्या फंदात पडू नका.

मुलाला पाण्याच्या रॉकेटपासून सुरुवात करू द्या. बाटलीत थोडं पाणी घालून पंपाने हवा भरायची; सोडलं की हवा पाणी खाली ढकलते आणि बाटली वर उडते. तोल, पंख, पॅराशूट, उंची मोजणं, सगळं त्यात शिकता येतं, फक्त आग नसते. आणि ताकद कमी समजू नका. दोन लिटरच्या बाटलीत ४ बार दाब असेल, तर सुटताना रेटा तीनशे न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे ३० किलो वजनाइतका असतो. पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच संपतं.

प्रश्न : आमचं दोन लिटरचं रॉकेट सरळ सुटतं, पण दहा-बारा मीटरवर आडवं होऊन गटांगळ्या खातं. पंख तीन लावलेत. काय चुकतं? (कोपरखैरणे)

बहुतेक वेळा पुढे वजन कमी असतं. रॉकेटचा गुरुत्वमध्य आणि त्यावर हवेचा दाब जिथे एकवटतो तो दाबमध्य, यांत गुरुत्वमध्य पुढे, नाकाकडे हवा. किती पुढे? किमान एक व्यास. दोन लिटरची बाटली साधारण ११ सेंटिमीटर रुंद असते, म्हणून ११ सेंटिमीटर. तुमचे पंख शेपटीला, आणि पाणी निघून गेल्यावर बाटली उरते जेमतेम ५० ग्रॅमची. मग सगळा भार मागे जातो. पाणी भरलेलं असताना तोल बघण्यात अर्थ नाही. रॉकेट जवळजवळ सगळा प्रवास रिकामंच करतं, तेव्हा पाहायचं ते रिकाम्या अवस्थेत, पॅराशूट आणि नाक लावून.

गुरुत्वमध्य बोटावर तोलून सापडतो. दाबमध्यासाठी पुठ्ठ्यावर रॉकेटची बाजूची आकृती पंखांसकट काढा, कापा आणि ती पट्टीच्या धारेवर तोला. हा पुठ्ठ्याचा मध्य खऱ्या दाबमध्यापेक्षा थोडा पुढेच येतो, म्हणजे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. मग गुरुत्वमध्याशी सुतळी चिकटपट्टीने पक्की बांधा, दोन-अडीच मीटर सुतळी सोडा आणि मोकळ्या जागी डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं किंवा शेपटीकडून फिरलं तर नाकात वजन वाढवा. ही चाचणी करायची म्हणजे करायचीच, टाळू नका.

वजनासाठी मुलांची प्लास्टिसिन क्ले ६० ते ८० ग्रॅम घ्या आणि ती टेनिस बॉलच्या अर्ध्या भागात दाबून बसवा. शाडू माती नको, वाळली की तडकते आणि आपटल्यावर गोळा निसटतो. पंखांना ३ मिलिमीटरची सनपॅक शीट (आत पोकळ नळ्या असलेली प्लास्टिकची शीट) उत्तम. जुने जाहिरातीचे बोर्ड चालतात. पंख बाटलीलगत १२ सेंटिमीटर, बाहेरच्या कडेला ८ आणि बाहेर ९ सेंटिमीटर आलेला ठेवा. शीटच्या आतल्या नळ्या बाटलीपासून बाहेरच्या दिशेने जातील अशी कापा. उलट कापली की पंख जोरात लवतो, आणि हे दुकानात उभं राहून कुणालाच आठवत नाही! चिकटवायला फोमची दुहेरी टेप आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेप. झटपट चिकटणारा ग्लू बाटलीला लावू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं. गरम ग्लू गनने ते वितळून पातळ होतं.

पाणी ६०० ते ६५० मिलिलिटर भरा, बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. अर्धी बाटली भरली तर ढकलायला पुरेशी हवा उरत नाही.

प्रश्न : लाँचरमधून हवा गळते, दाब दीड-दोन बारच्या वर जातच नाही. (कळवा)

आधी लाँचरचा, बाटलीच्या गळ्यात जाणारा पाइप तपासा. गरम पाण्याच्या लाइनचा अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून फक्त १५.९ मिलिमीटर असतो. त्याऐवजी अर्ध्या इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसी घ्या, बाहेरचा व्यास २१.३. शीतपेयाच्या बाटलीचा गळा आतून २१.७ च्या आसपास असतो, त्यामुळे तो अलगद बसतो. उरलेली फट ओ-रिंगने, म्हणजे रबराच्या गोल कडीने, भरते. पाइपवर दीड मिलिमीटर खोल खाच कापून त्यात २ मिलिमीटर जाडीची, आतून १८ मिलिमीटरची ओ-रिंग बसवा. बाटली पूर्ण खाली बसल्यावर रिंग तोंडापासून एक-दीड सेंटिमीटर आत यायला हवी. थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. टेफ्लॉन टेपचे वेढे घालून काम भागत नाही, बाटली चढवतानाच ते गोळा होतात.

दुसरी गळती व्हॉल्व्हजवळ असते. पाइपचं टोक बंद करणाऱ्या एंड कॅपला ११.५ मिलिमीटरचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आतून ओढून बसवा. भोकाच्या कडा घासल्या नसतील तर रबर कापलं जातं. साबणाचं पाणी लावलं की कुठे बुडबुडे येतात ते लगेच दिसतं.

गेज असलेला फूटपंप वापरा आणि ४ बार, म्हणजे जवळपास ६० पीएसआय, इथेच थांबा. बाटली फक्त शीतपेयाची, पाच पाकळ्यांच्या तळाची. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीला दाब सोसायची सवयच नसते. नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून ६ बारपर्यंत तपासा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटली तरी फारशी उसळत नाही. पांढरी चुणी किंवा ओरखडा दिसला की ती टाकून द्या. पंप लांब नळीने, किमान ५ मीटरवरून मारा, बाटली सोडणारा खटका दोरीने ओढा, डोळ्यांवर गॉगल हवाच. दाब असताना लाँचरवर कुणीही वाकायचं नाही, गळती बघायलासुद्धा नाही. आधी हवा सोडा, मग जवळ जा.

प्रश्न : घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या बागेत उडवलं तर चालेल? (ठाणे)

नको. नीट तोललेलं २०० ग्रॅमचं रॉकेट ४० मीटरच्या आसपास जातं आणि तिथून पॅराशूटवर सेकंदाला ४ मीटरने उतरतं. म्हणजे दहा सेकंद हवेत. वारा सेकंदाला ३ मीटर असला तरी ते ३० मीटर वाहत जाणार, म्हणजे शेजारच्या इमारतीच्या गॅलरीत. पॅराशूट उघडलंच नाही तर काय, ते सांगायला नको.

शाळा-कॉलेजचं मोठं मैदान बघा आणि लेखी परवानगी घ्या. नवी मुंबईत मैदान पालिकेचं की सिडकोचं, हे आधी विचारा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे अजिबात नको. ठाणे खाडीचा काठही सोडा, २०१५पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. उच्चदाबाच्या तारा आणि विमानतळाचा परिसर टाळा. तारेत अडकलेलं रॉकेट काठीने काढायचं नाही, ते गेलं असं समजायचं.

दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे, आणि सकाळी लवकर. दुपारकडे पश्चिमेचा खारा वारा सुटतो. रॉकेट वर जाताना वाऱ्याकडे तोंड वळवतं, उतरताना मात्र वाऱ्याबरोबर वाहतं. म्हणून लाँचर मैदानाच्या वाऱ्याकडच्या अर्ध्या भागात मांडा.

उंची मोजायला एकाने लाँचरपासून ३० मीटरवर उभं राहावं, हातात कोनमापक आणि ओळंबा. सर्वोच्च क्षणी कोन ५२ अंश आला तर ३० गुणिले १.२८ (५२ अंशांचा टॅन्जंट), म्हणजे ३८ मीटर, अधिक डोळ्याची उंची दीड मीटर.

प्रश्न : पॅराशूट बाहेर येतं, पण उघडत नाही. (नेरूळ)

आपल्याकडच्या दमट हवेत प्लास्टिक एकमेकांना चिकटतं. कचऱ्याच्या पिशवीचा ६० सेंटिमीटर व्यासाचा तुकडा, आठ दोऱ्या, प्रत्येकी ६० सेंटिमीटर. घडी घालण्याआधी टाल्कम पावडर लावा. घडी रात्री नको, मैदानात उडवण्याच्या पाच मिनिटं आधी घाला. दोऱ्या पॅराशूटवर गच्च गुंडाळू नका, नागमोडी ठेवा.