वाचकांचे प्रश्न : मंगळावरच्या गाडीची चाकं

प्रश्न : मंगळावरच्या नासाच्या 'क्युरिऑसिटी' गाडीच्या फाटलेल्या चाकांचे फोटो पाहिले. पत्रा इतका पातळ का ठेवला? रबरी टायर का नाहीत?
– एक मशिन शॉपवाले, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : रबराचं लगेच सांगता येईल. मंगळावरच्या रात्रीच्या थंडीत साधं रबर कडक होऊन तडकतं.

पत्र्यासाठी मात्र हिशेब मांडायला हवा, आणि तो तुम्हालाही जमेल. चाकाचा व्यास ५० सेंमी, रुंदी ४० सेंमी, आणि उंच पट्ट्यांमधला ॲल्युमिनियमचा पत्रा फक्त पाऊण मिलिमीटर. जाडी १ मिमीने वाढवली, तर चाकामागे साधारण १.७ किलो वाढतात. सहा चाकांचे १० किलो. गाडी ८९९ किलोची, त्यामुळे हे किरकोळ वाटेल. पण २०१२ मध्ये ही गाडी रॉकेटच्या जोरावर हवेत तरंगणाऱ्या क्रेनला टांगून थेट चाकांवरच उतरवली. चाक जड झालं की उतरतानाचा झटका सोसणारे सांधेही जड करावे लागतात. म्हणून पत्रा पातळ ठेवला, आणि तो निर्णय तेव्हा योग्यच होता.

अंदाज चुकला तो जमिनीचा. सुटा दगड चाकाखाली आला तर सरकतो. गाडी उतरली त्या गेल विवरात मात्र खडकात घट्ट रुतलेले, वाऱ्याने धार लावलेले दगड निघाले. त्यात मागची चाकं पुढच्या आणि मधल्या चाकांना ढकलतात, म्हणजे टोकावर नुसतं वजन नव्हे, रेटाही पडतो. २०१३ च्या अखेरीस भोकं झपाट्याने वाढली. पत्रा गेला की सगळा ताण पट्ट्यांवर येतो आणि पुन्हा पुन्हा वाकून त्याही तुटतात.

दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही, तेव्हा बदलली ती चालवण्याची पद्धत. टोकदार खडकांचे पट्टे टाळून रस्ता आखला, काही ठिकाणी गाडी उलटी चालवली, आणि २०१७ मध्ये प्रत्येक चाकाचा वेग जमिनीप्रमाणे कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर पाठवलं. त्याच चाकांवर गाडी ३० किमीच्या पुढे गेली आहे. नंतर मंगळावर पाठवलेल्या 'पर्सिव्हरन्स' गाडीची चाकं अरुंद, थोडी मोठी आणि जाड पत्र्याची आहेत; पट्ट्या २४ ऐवजी ४८.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी सहा चाकी रोव्हर करतोय. दगडावर चढताना तो मागे कलंडतो. काय चुकतंय?
– नववीचे विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा दोन्ही बाजू जोडणारा आडवा दांडा तुम्ही बसवलेला नाही. प्रत्येक बाजूला एक मोठा हात असतो, त्याला रॉकर म्हणतात. त्याच्या एका टोकाला एक चाक, दुसऱ्या टोकाला बोगी, म्हणजे दोन चाकं धरणारा छोटा फिरता हात. डबा, म्हणजे रोव्हरचं धड, दोन्ही रॉकरच्या बोल्टवर नुसता टेकलेला असेल, तर तो पुढे किंवा मागे झुकणारच. डब्याच्या वर मधोमध बोल्टवर फिरणारा दांडा बसवा आणि त्याची टोकं छोट्या कड्यांनी, म्हणजे आखूड जोडपट्ट्यांनी, दोन्ही रॉकरना जोडा. कड्यांना बॉल जॉइंट, म्हणजे सगळ्या दिशांना वळणारे सांधे हवेत. साध्या बोल्टने त्या अडकतात. इतर फिरत्या सांध्यांना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा, नाहीतर नट सैल होतात किंवा सांधा आवळला जातो.

मोटारी सहाही एकाच आरपीएमच्या (मिनिटाला तितक्याच फेऱ्यांच्या) घ्या. १० सेंमीच्या चाकाला ३० आरपीएमची गिअर मोटार पुरते, सेकंदाला १५ सेंमीच्या आसपास वेग मिळतो. १०० ची घेतली तर गाडी पळते, पण दगडापाशी जोर कमी पडतो. बॅटरी डब्याच्या तळाशी ठेवा.

आता एका बाजूच्या पुढच्या चाकाखाली वीट सरकवा. त्या बाजूचा रॉकर जितका कलतो, त्याच्या निम्माच डबा कलला, तर जोडणी बरोबर आहे.